जाग कुणाची

खोली बघायला बाबा स्वतः आले होते, आणि त्यांनी ती भट्टी बघावी तशी बघितली. आधी दारातच उभं राहून वास घेतला. मग चारही भिंतींवर तळहात ठेवून पाहिला, खिडकीची कडी वरखाली केली, आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी पुन्हा जाऊन म्हणाले की ही दिवसभर तापणार, कॉट हिच्यापासून लांब घे. घरमालकीण चाव्यांचा जुडगा वाजवत दारात उभी होती. एवढ्या बारकाईने खोली बघणारा माणूस आता भाड्यावरून घासाघीस करणार, या धास्तीने तिचा चेहरा आधीच आंबट झाला होता. बाबांनी एवढंच विचारलं, "शेजारी कोण असतं?"

शेजारच्या खोलीत हॉस्पिटलातल्या एक सिस्टर राहतात, नेहमी रात्रपाळीला असतात, त्यांचा त्रास म्हणून काही नाही, असं मालकीणबाईंनी सांगितलं.

"म्हणजे रात्री ही एकटीच," बाबा म्हणाले.

मालकीणबाईंना वाटलं, मुलीचा बाप आहे, चोराचिलटांचं बोलतोय. त्यांनी खालच्या फाटकाच्या कुलपाचं कौतुक सुरू केलं. बाबांना कुलपाशी काही घेणंदेणं नव्हतं. पण त्यांच्या मनात जे होतं ते त्या बाईंना सांगून कळलं नसतं. त्यांनी गादीची वळकटी कॉटवर टाकली, धाकटीच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात तसाच स्वतःच्या मानेवर नेऊन मान खाजवली, आणि जिना उतरून गेले.

धाकटी म्हणजे दादाच्या पाठची. घरात दोनच मुलं, तेव्हा एक दादा आणि दुसरी धाकटी, एवढ्यात भागत आलं होतं. कॉलेजात हजेरीला तिचं खरं नाव पुकारलं की हे कोण म्हणून पहिले काही दिवस तीच मागे वळून बघायची.

गावात बाबांची बेकरी होती आणि बेकरीच्या मागे दोन खोल्या, तेच घर. भट्टी लाकडाची. ती कधी पूर्ण विझू द्यायची नाही, कारण गार झालेली भट्टी पुन्हा ताळ्यावर आणायला अख्खा दिवस जातो. आणि पिठाचं तर विचारूच नका. भिजवलेलं पीठ फुगतं ते स्वतःच्या मर्जीने. आपण जरा डोळा लागू दिला की आंबून बसतं, नाहीतर परातीबाहेर येऊन जमिनीवर हातपाय पसरतं. म्हणून त्या घरात दिवसा काय, रात्री काय, एक माणूस कायम जागा असायचा. या जागं राहण्याला त्यांच्यात एक शब्द होता: जाग. एखादी किल्ली असावी तशी ती जाग एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायची. झोपायला निघालेला माणूस विचारायचा, "जाग कुणाची?" आणि कुणीतरी म्हणायचं, "माझी." हे "माझी" कानावर पडल्याशिवाय कुणी अंग टाकायचं नाही. आणि एकदा "माझी" म्हटलं की मग ताप येवो, परीक्षा असो, पाहुणे येवोत, ती परत करायची नाही. धाकटीने पहिल्यांदा "माझी" म्हटलं तेव्हा स्टुलावर बसून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्या दिवशी आईने तिच्याकडे जरा बघितलं आणि आडवी झाली.

म्हणजे त्या घरात चौघंही एकाच वेळी झोपलेत असं कधी घडलंच नव्हतं. धाकटीच्या लेखी झोप म्हणजे दुसऱ्या कुणाच्यातरी चपलांचा आवाज. पत्र्याचे ट्रे ओढल्याची खरड, पीठ मळायच्या मशीनची घरघर, लाकूड आत सारताना दादाने काढलेली शिवी. या गलक्यात तिला मेल्यासारखी झोप लागायची. कुणी उठवलं तर ती एका झटक्यात उठायची आणि आपली पाळी झाली की तितक्याच झटक्यात पुन्हा झोपायची. यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नाही. माणसं अशीच झोपतात असा तिचा समज होता.

शहरातल्या खोलीत दिवा मालवला की तिच्या तोंडाशी प्रश्न यायचा आणि तिथेच थांबायचा. विचारणार कुणाला? भिंतीपलीकडे सिस्टरची खोली रिकामी, खाली मालकीणबाई कानात बोळे घालून झोपलेल्या. डोळे मिटले की वाटायचं, कुठेतरी काहीतरी फुगतंय, करपतंय, आणि आपण एकट्याच आहोत. ती उठून बसायची. करपण्यासारखं त्या खोलीत काहीही नव्हतं. एक बादली, एक टेबल, पुस्तकं. तरी ती स्टोव्हची चावी चाचपून यायची. पुन्हा आडवी व्हायची. असं करता करता खिडकी पांढरी पडायची, रस्त्यावर दूधवाल्याची सायकल वाजायची, आणि कुणीतरी उठलंय या दिलाशाने तिच्या पापण्या जड व्हायच्या, तोवर कॉलेजची वेळ.

मग ती दिवसा झोपायला लागली. जिथे चार माणसं आपापल्या कामात असतील तिथे तिचा डोळा लागायचा. वाचनालयात पुस्तकांना शिक्के मारणाऱ्या माणसाच्या समोरच्या बाकावर, कँटीनमध्ये भांडी विसळणाऱ्या बाईच्या खिडकीशी, बसमध्ये, वर्गात तर रोजच. वर्गातल्या पोरींनी तिचं नाव पेंगूताई ठेवलं. पेंगूताईंसाठी उशी आणा रे, असं कुणी म्हटलं की तीही हसायची. हसायलाही तिला थोडा जोर लावावा लागायचा, चढावर सायकल मारावी तसा. गाल आत गेले. वहीत ओळ लिहिता लिहिता अक्षरं घसरगुंडीवर बसल्यासारखी खाली जायची आणि पानाच्या कडेला एक लांब रेघ होऊन संपायची.

सिस्टर तिला सकाळी जिन्यात भेटायच्या. त्या वर येत असायच्या आणि ही खाली निघालेली. दोघींचे डोळे सारखेच लाल. मधल्या वळणावर दोघींनाही भिंतीला टेकायची सवय लागली. एकदा सिस्टरनी चपला हातात घेऊन सुजलेली पावलं फरशीवर टेकवत विचारलं, की मी तरी पगार घेऊन जागते, तू कुणासाठी जागतेस? धाकटीने त्यांना जाग म्हणजे काय ते सांगितलं. असल्या गोष्टी सांगताना त्या खुळ्या वाटतात, तशी तिलाही ती वाटली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली.

"माझ्या वॉर्डात एवढी माणसं माझ्या भरवशावर झोपतात. पण एकाला तरी तोंड उघडून विचारू दे, की सिस्टर, जाग कुणाची. गोळी मागतात नुसती." मग त्यांनी तिच्या खालच्या पापणीला बोट लावून आत बघितलं. "तुला देऊ का एक गोळी?"

"नको. मग खोलीत कुणीच नसल्यासारखं होईल."

"बरं बाई," सिस्टर म्हणाल्या. "तुला झोप येते गं. तुला जाग सोडवत नाही." आणि एकेक पायरी चढत वर गेल्या.

कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या मॅडम होत्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र पत्र्यावर खिळा ओढावा तसा. एका सकाळी प्रयोगशाळेत शिरताच त्यांनी सगळ्या बॅचच्या मुलांना भिंतीशी उभं केलं. आदल्या दिवशी शेवटच्या बॅचमधल्या कुणीतरी गॅसची मुख्य चावी उघडी टाकली होती. शिपायाला दार उघडताच वास आला म्हणून बरं. त्याने दिवा लावला असता तर आज इथे भिंतीही नसत्या, असं मॅडमनी सुरू केलं. सुरुवात धाकटीने ऐकली. तिच्या पाठीमागे कपाट होतं, कपाट गार होतं, आजूबाजूला पुष्कळ माणसं जागी होती. बेकरीवाल्याच्या पोरांना उभ्याने झोपता येतं. ती झोपली.

मॅडम बोलत राहिल्या. मग त्यांनी आवाज चढवून विचारलं, "काल गॅस बंद करायची जबाबदारी कुणाची होती? मी विचारतेय, कुणाची?"

झोपेतल्या कानाने फक्त शेपूट धरलं.

"माझी," धाकटी म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. दोन टेबलं सोडून उभा असलेला एक मुलगा मात्र आपले बूट निरखत होता. कुणाच्या अंगावरून बैलगाडी जाता जाता राहावी तसा त्याचा चेहरा झाला होता. धाकटीला काय झालं ते लगेच कळलं. ती शेवटच्या बॅचमध्ये नव्हतीच, हजेरी बघितली असती तर मॅडमनाही कळलं असतं. मॅडम, मी झोपले होते, चुकून बोलले, एवढं म्हटलं की संपत होतं. ते शब्द तिने तोंडात गोळाही केले. पण एकदा म्हटलेलं "माझी" परत कसं घ्यायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. 

मॅडम म्हणाल्या, निदान खरं बोललीस. मग म्हणाल्या, घरचं कुणीतरी येऊन मला भेटेपर्यंत इथे पाऊल ठेवायचं नाही, आणि प्रॅक्टिकल बुडाली तर वर्ष बुडालं असं समज. हे सगळं त्या बोलत होत्या तेव्हा धाकटीला वाईट वाटायला हवं होतं. तिला हलकं वाटलं. ती खोलीवर आली, पिशवीत दोन कपडे कोंबले आणि तिच्या लक्षात आलं की आपण बाबांना आणायला चाललेलो नाही. आपण परत चाललो आहोत. घरी जायचं, सांगायचं की मला नाही जमलं, दुपारची जाग माझी, आणि मग झोपायचं. तिला कॉलेज सोडायचं नव्हतं, झोपायचं होतं. पण त्या आठवड्यात या दोन गोष्टी वेगळ्या करण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

गावी उतरली तेव्हा भर दुपार होती. दुकानाचं शटर अर्धं खाली. ती मागच्या दाराशी गेली, दार ढकललं, आणि दार उघडलं नाही. आतून कडी होती.

हे दार तिने जन्मात वाजवलं नव्हतं. ते वाजवायचं कसं, कडीने की मुठीने, हेही तिला माहीत नव्हतं. ती पिशवी हातात धरून उभी राहिली. समोरच्या दुकानातून शिंप्याने मशीन थांबवून हाक दिली, "वाजव, वाजव जोरात. झोपलेत सगळे."

"सगळे?" धाकटीने विचारलं.

शिंपी पुन्हा मशीन चालवायला लागला होता.

दादाने दार उघडलं. त्याच्या गालावर उशीच्या सुरकुत्या उठल्या होत्या. "कॉलेजवाल्या आल्या," तो आत तोंड करून म्हणाला. "सुट्टी आहे की हाकललं?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा जाऊन पडला.

आत गार होतं. असं गार घर तिने बघितलं नव्हतं. भट्टीच्या तोंडाशी प्लास्टिकचे क्रेट रचलेले होते, त्यांत कारखान्याचा ब्रेड, चकचकीत कागदात, सगळे सारखे. पीठ मळायच्या मशीनवर चादर टाकलेली. आई उठून बसली होती, केस बांधत होती, आणि धाकटीला ती क्षणभर ओळखूच येईना. आईच्या डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. ते तिचं मूळचंच आहे असं धाकटी समजत होती. चेहरा भरला होता, कपाळावरची आठी सैल झाली होती. एक बऱ्यापैकी तरुण बाई तिच्याकडे बघून हसली.

चहा करता करता आईने सगळं सांगितलं. तू गेल्यावर तिघांत काही ओढेना. एकदा भट्टीपुढे उभ्याउभ्या माझा डोळा लागला, हात भाजला, हा बघ. मग दादा हटूनच बसला. कारखान्याची एजन्सी घेतली. पहाटे त्यांची गाडी येते, क्रेट उतरवते, आपण फक्त विकायचे. तुला फोनवर सांगितलं नाही, म्हटलं तुझ्या अभ्यासात उगाच कालवाकालव नको.

"आमच्याकडे आता सगळे एकदमच झोपतात," आई म्हणाली. "दुपारचेसुद्धा. लोक हसतात. तू गेलीस म्हणून सुटलो बघ आम्ही. नाहीतर हे काय ऐकणारे होते?"

तिने हे मायेनेच म्हटलं. कप पुढे सरकवला. आजवर या घरातलं सगळं "आपल्याकडे" व्हायचं. "आमच्याकडे" हा शब्द आई शिंप्याच्या बायकोशी बोलताना वापरायची, गिऱ्हाइकांशी वापरायची. तो तिच्या तोंडून सहज निघून गेला आणि तिला पत्ताही लागला नाही. धाकटीने चहा प्यायला. सांगायला आणलेलं सगळं चहाबरोबर खाली गेलं.

त्या रात्री तिथेही तिला झोप आली नाही. तीन माणसं शेजारी घोरत होती आणि घर पोरकं पडलं होतं. सकाळी आईने उठून तोंड वासून, हात ताणून लांबलचक जांभई दिली. माणूस झोप पुरी झाल्यावर जांभई देतो हे धाकटी प्रथमच बघत होती. तिने आईला विचारलं, तुला लगेच जमलं का हे? आई म्हणाली, कुठलं लगेच. पहिले कितीतरी दिवस दर थोड्या वेळाने उठून त्या गार भट्टीपाशी जाऊन उभी राहायचे, वेड्यासारखी.

"मग?"

"मग काय. कंटाळा आला. जागायचाही शेवटी कंटाळा येतो गं."

बाबांना मात्र आला नव्हता. ते धाकटीला दिसत होतं. ते दुकानात बसायचे आणि गिऱ्हाईक नसलं की क्रेटमधला एखादा ब्रेड कागदावरूनच अंगठ्याने दाबायचे. खळगा पडायचा तो तसाच राहायचा. बाबा त्या खळग्याकडे बघत बसायचे, परक्याच्या पोराकडे बघावं तसे. आईच्या चेहऱ्यावरचं काळं कुठे गेलं म्हणाल, तर ते आता बाबांच्या डोळ्यांखाली आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून दादा आडवा झाला. बाबांनी धाकटीला भट्टीच्या खोलीत बोलावलं. तिथली जमीन झाडलेली होती. कोपऱ्यात लाकडं रचून ठेवलेली होती, सगळी एका मापाची फोडलेली. वापर नसलेल्या जागेची एवढी निगा कुणी राखत नाही.

"सुट्टी नाहीये ना," बाबा म्हणाले.

तिने सांगितलं. गॅसचं, मॅडमचं, कपाटाला टेकल्याचं. कुणाची म्हणून विचारलं आणि आपण माझी म्हणालो, हे सांगितलं तेव्हा बाबा हसायला लागले. त्यांचं हसणं आधी खांद्यांत सुरू झालं, मग तोंडावर आलं, आणि शेवटी त्यांना डोळे पुसावे लागले. "माझी म्हणालीस," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. चावी खरंच तू उघडी ठेवली होतीस का, हे त्यांनी विचारलं नाही. ते त्यांना विचारण्यासारखं वाटलंच नाही. हसू ओसरल्यावर ते क्रेटच्या कडेवर बसले आणि हाताचे तळवे चोळू लागले.

"तू राहणार असशील तर मी पेटवतो भट्टी," ते म्हणाले. "चौघं असलो की जमतं. आजवर जमलंच की. एजन्सीवाल्याला काय, उद्या नको म्हणून सांगता येतं."

त्यांनी हे तिच्याकडे न बघता म्हटलं, पण आवाजात धग होती. धाकटीच्या सगळ्या अंगातून काहीतरी त्या आवाजाकडे झुकलं. तिला पाठीवर भट्टीचा शेक जाणवला. मशीनची घरघर, ट्रेची खरड, आणि कुणीतरी म्हणतंय, माझी, झोप तू. एक शब्द म्हटला की आज रात्रीच. तिचे डोळे तिथेच मिटायला लागले.

दारात आई उभी होती. ती दुपारची पडायला निघाली होती आणि हसण्याचा आवाज ऐकून आली होती. तिच्या बगलेत उशी होती. बाबांचं बोलणं तिने ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती नको म्हणाली नाही, पेटवा म्हणाली नाही. पोरीचं वर्ष, नवऱ्याचा जीव, यांत आपली झोप ती कुठल्या तोंडाने मध्ये आणणार. तिने फक्त उशी एका बगलेतून काढून दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"नको, बाबा," धाकटी म्हणाली.

"तू दमली आहेस," बाबा म्हणाले. "दमलेल्या माणसाने एकदम नाही म्हणू नये. झोपून ऊठ, मग सांग."

"झोपून उठले तर हो म्हणेन."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे. दारात तोवर कुणी नव्हतं. त्यांना काय ते समजलं असावं. ते उठले, लाकडांच्या रचलेल्या थराजवळ गेले, एक तिरकं झालेलं लाकूड हाताने सारखं केलं आणि दुकानात जाऊन बसले. संध्याकाळी ते शिंप्याला विचारत होते, की शेजारच्या गावातल्या त्या खानावळवाल्याला पीठ मळायचं मशीन हवं होतं, त्याला अजून हवंय का. कॉलेजात यायला त्यांनी नकार दिला. मॅडमबिडमशी बोलणं मला जमत नाही, म्हणाले. आईने त्यावर वाद घातला नाही. म्हणाली, मी जाते.

मॅडमपुढे आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मॅडमनी गॅसचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आई ऐकत होती आणि अर्ध्यावरच तिच्या कपाळावर जुनी आठी आली. ही तर पाळण्यात असल्यापासून विस्तवाजवळ वाढलेली, ही चावी उघडी टाकणं शक्य नाही, असं ती म्हणालीच. मॅडम म्हणाल्या, अहो, तिने स्वतः सगळ्यांसमोर कबूल केलंय. मी विचारलं, कुणाची, तर म्हणाली, माझी.

आईने वळून धाकटीकडे बघितलं. धाकटी फरशीकडे बघत होती. आईला सगळं कळलं. मॅडम उत्तराची वाट बघत होत्या.

"मग तिचीच," आई म्हणाली.

मॅडमचं समाधान झालं. उद्यापासून ये म्हणाल्या, पण पुन्हा असं झालं तर बघ. बाहेर आल्यावर जिना उतरताना आई म्हणाली की तू ठार वेडी आहेस, झोपेत बोललीस ना, मग सांगायचं नाही का तसं? धाकटी म्हणाली, तुला कळलं होतं, तू का नाही सांगितलंस? आईने दोन पायऱ्या विचार केला.

"नाही आलं बाई तोंडातून," ती म्हणाली.

खोली बघायची म्हणून दोघी खोलीवर आल्या. संध्याकाळची गाडी पकडून आई परत जाणार होती. तिने बादली उचलून बुडाशी गळते का बघितलं, टेबलावर बोट फिरवून धूळ बघितली, बारीक किती झालीस म्हणून बोलून घेतलं. जिन्यात सिस्टर कामावर निघालेल्या भेटल्या होत्या, त्या बाई बऱ्या वाटतात म्हणाली. मग गादीत कापूस सारखा आहे का ते बघायला कॉटवर बसली. बघू, म्हणून आडवी झाली. आणि तुझ्या बाबांना थोडे दिवस लागतील, असं काहीतरी म्हणता म्हणता, कुणाला काही न विचारता, झोपली.

धाकटी जमिनीवर बसली. आईचं तोंड किंचित उघडं होतं. एक हात कॉटवरून खाली लोंबत होता, त्यावर भाजल्याचा डाग, कडेने अजून गुलाबी. ही झोप बघायला बसून राहावं अशी होती. तिला तळ नव्हता. धाकटीने पुस्तक उघडलं आणि एकच ओळ वाचत राहिली. तिच्या पाठीत कळ येत होती, डोळ्यांत वाळू होती, उद्या सकाळी प्रॅक्टिकल होतं आणि आजची रात्र कालच्यासारखीच जाणार होती. कदाचित परवाची पण. कंटाळा यायला किती दिवस लागतात हे तिने आईला विचारलं नव्हतं.

खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरलं तेव्हा तिने आईच्या दंडाला हात लावला.

"ऊठ. गाडी चुकेल."

"पाच मिनिटं," आई डोळे न उघडता म्हणाली, शाळेला कंटाळलेल्या पोरीसारखं, आणि भिंतीकडे तोंड करून वळली.

धाकटीने पाच मिनिटं दिली. मग आणखी पाच दिली. पुढे मिनिटं मोजायची राहिली. गाडी आता गेली असेल असं मग कधीतरी तिच्या मनात आलं, आणि त्यानंतर घाई करण्यासारखं काही उरलं नाही.